पत्र्यातलं भोक

दुपारी तीनच्या सुमाराला
पत्र्यातल्या भोकातून उन्हाचा एक रुपया
लेथवर पडतो.
भागवत विचारतो, हे बुजवत का नाही, ताई?
पावसात थेंब गळतोय, पटाश्या गंजायल्यात.
मी म्हणते, आधी तो गंडा काढ.

माहूरहून आणलेला, आईनं बांधलेला.
तो मनगट मागे घेतो.
खिळ्याला टांग, मी म्हणते,
देवी बघेल की तिथूनही.

चौकटीतला खिळा मैनोद्दीन मामूचा.
त्याच्यावर मामूचा रुमाल असायचा,
घड्याळ, गळ्यातला तावीज,
आणि मी कामाला आले त्या उन्हाळ्यापासून
माझी ओढणी, चार चार काचेच्या बांगड्या.
वेणी आत खोवलेली, बाह्या कोपरावर.
मामू म्हणायचा, लाकडाला डोळे नसतात, पोरी,
त्याला फक्त गुंडाळायचं कळतं.

किनवटच्या स्टेशनामागं हे शेड.
वखारीतून सागाची खांडं यायची,
आम्ही लाटणी काढायचो, रव्या, पाळण्याचे खांब.
मामू प्रत्येक खांड उचलून
बोटाच्या पेरानं वाजवायचा,
बाजारात टरबूज पारखावं तसं.
बद्द वाजलं की चुलीकडं.
मला तडा दिसायचाच नाही.
दिसत नाही म्हणून तर वाजवायचं, म्हणायचा.

मग हातानं एक फेरा. अजून एक.
टेकणीला कुठं घासत नाही ना?
बटण दाबताना समोर उभं राहायचं नाही,
वरातीच्या घोड्यामागं कुणी राहतं का?
बाजूला थांबून कान द्यायचा:
नीट बसलेलं लाकूड गुणगुणतं,
न बसलेलं खोकतं.

पटाशी आधी टेकणीवर, मग लाकडावर.
उलटं केलं तर?
मामूनं दाढी बाजूला सारली.
हनुवटीखाली सात टाके होते, वाकडे,
घाईत शिवलेल्या पोत्यासारखे.

लाखेचं फडकं बोटाला गुंडाळू नकोस,
एवढं एकच तो दर वेळी नव्यानं सांगायचा.

त्या दिवशी लाईट गेली.
मी चकात चावी घातली होती, खांड सोडवायला,
तेवढ्यात नागोरावच्या हॉटेलातनं चहा आला.
चावी तशीच. बटण तसंच.
थांबलेली मशीन मेलेलीच वाटते.
आम्ही दारात बसून बशीतून फुरके मारत होतो
आणि लाईट आली.
पलीकडं गिरणी घरघरली,
कुणाचा तरी रेडिओ अर्ध्या ओळीतून सुरू झाला,
आमच्या मागं
ठाण्ण.

वर पत्र्यात आभाळाचा तुकडा. नवा.

मामू ओरडला नाही.
आत जाऊन बटण बंद केलं,
मला शेडमागं धाडलं.
चावी बेशरमीच्या झुडपात सापडली,
गरम होती, उन्हानं की कशानं.
परत आले तर विचारतो, चहा सांडला का?
माझ्या परकरावर सगळा.
मग धुऊन ये. आणि ऐक,
लाईट कधी येणार ते तिचं तिला ठाऊक.
बटण आपल्याला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी डांबर घेऊन मी शिडीवर चढले.
राहू दे, मामू खालून म्हणाला,
घड्याळ तर खिळ्यावर असतं,
वेळ कळायला काहीतरी पाहिजे का नको?

आता तो हैदराबादला, लेकीकडं.
ऐकायला कमी येतं, फोनवर मोठ्यानं बोलतो.
धंदा कसा आहे विचारत नाही.
भोक आहे ना? एवढंच.
आहे म्हटलं की खोकतो, हसतो,
नातवाकडं फोन देतो.

भागवत गंडा खिळ्याला अडकवतो,
दोनदा वळून बघतो.
खांड उचलतो. वाजवतो.
मला विचारत नाही, पुन्हा वाजवतो,
चुलीकडं टाकतो.
मी ते परत उचलून कानाशी धरते.
चांगलं आहे की हे.
असू दे. पोरगं अजून घाबरतंय,
घाबरू दे.

तीन वाजून गेलेत. लाईट जाते.
मोटार हळूहळू श्वास सोडते,
गिरणी थांबते, रस्त्यावरची माणसं
एकदम मोठ्यानं बोलताहेत असं वाटतं.
बटणावर माझा हात पोचतो
तर तिथं आधीच एक हात.

लेथवर फक्त रुपया चालू.