विश्रांती आठ तास

मानपूर सोडलं की रस्ता थोडा वेळ शहाण्यासारखा चालतो,
मग घाट लागतो आणि त्याचं चित्त उडतं.
त्याच्या जरा अलीकडे आमची चौकी:
पत्र्याची खोली, दोन लाल कोन,
एक आडवा बांबू, जो दर महिन्याला कुणीतरी तोडून जातं.

रात्री दोन चाळीसला चौदा चाकी थांबली.
आग्र्याचा बटाटा, बंगळूरला चाललेला.
हुकुमसिंग सिकरवार, राहणार मुरैना.
कागदावर ड्रायव्हर दोन.
दुसरा कुठंय?
शिवपुरीला उतरला मॅडम, घरी लग्न आहे.
शिवपुरीत लग्नं फार. बाराही महिने.

ब्रेक पाहिले, ठीक.
हवेचा दाब ठीक, दिवे ठीक,
मागच्या लाल पट्ट्यासुद्धा पुसून घेतलेल्या.
गाडीत खोट नव्हती.

वही दाखवा.
वही नवी, एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नाही.
आठ दिवसांचे तास एकाच निळ्या शाईत,
एकाच बैठकीत, एकाच बाजूला कललेले:
विश्रांती आठ तास
विश्रांती आठ तास
विश्रांती आठ तास
शाळेत चुकलेला शब्द आम्ही दहादा लिहायचो, तसं.

काल पहाटे तीन दहाला वहीत तो शिवपुरीच्या ढाब्यावर झोपलाय.
काल पहाटे तीन दहाला त्याच्या फोनवर
गुन्याच्या टोलचे पैसे कापल्याचा मेसेज आहे.
मी दोन्ही शेजारी शेजारी धरले.
तो म्हणाला, नींद का क्या है मॅडम,
थोडी थोडी आती रहती है.

तोंडावर टॉर्च मारला.
डोळे लाल असते तर बरं वाटलं असतं.
कोरडे होते. मिटायचं असतं, हे पापण्यांच्या लक्षातच नसल्यासारखे.

चावी.
त्यानं दिली. नेलकटर अडकवलेली, अजून गरम.

मग मालकाचा फोन, थेट माझ्या नंबरवर.
कुठून मिळाला, ते विचारायचं मी केव्हाच सोडलंय.
'अहो, बटाटा आहे, बॉम्ब थोडाच आहे?
उशीर झाला तर भाडं कापतात.'
म्हटलं, अठ्ठावीस टन आहे.
उतारावर बटाट्याला कळत नाही आपण बटाटा आहोत ते.
तो हसला. मी विनोद केला नव्हता.
तिसऱ्या वळणावर कठड्याचा एक तुकडा
बाकीच्यापेक्षा जास्त पांढरा आहे.
तेवढंच सांगते, पुढचं सांगत नाही.

हुकुमसिंग केबिनमध्ये चढला,
चपला खाली, देवळाबाहेर काढाव्यात तशा जोडीनं.
दोन मिनिटांत घोरणं सुरू.
माणूस इतक्या पटकन झोपतो
ते झोप येते म्हणून नाही,
धरून ठेवलेलं हातून सुटतं म्हणून.

त्याच्या मागे अकरा गाड्या आल्या.
तीन सोडल्या, दोन परत पाठवल्या,
एकानं बांबू पाहून लांबूनच वळवली.
बाकीच्यांचं काय केलं आता आठवत नाही,
आठवायला हवं.

चारला रघुवंशी चहा घेऊन आला.
म्हणाला, आता तुम्हीपण जरा टेका मॅडम.
मुळ्यांची रजा, माझी काल दुपारी दोनपासूनची ड्युटी,
त्याआधीची रात्रही माझीच.
टेकले नाही. टेकलं की संपलं.

साडेनवाला चावी दिली.
तोंड धुतलेला हुकुमसिंग दहा वर्षांनी लहान दिसत होता.
माझ्या स्कूटीकडे पाहून त्यानं विचारलं, घर?
लोकमान्य नगर.
इंदूर में? पैंतालीस किलोमीटर?
मग त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं,
टॉर्च न मारता, बराच वेळ,
आणि काही बोलला नाही.

दुसऱ्या गिअरमध्ये उतरला घाट.
शेवटपर्यंत ब्रेकचे दिवे मोजत राहिले:
लागले, विझले, लागले.

आत आले. हजेरीचं रजिस्टर उघडलं.
मंगळवारपासूनचे रकाने भरायचे राहिले होते.
पेन एकच होतं.