डाळिंबी काठ

चोरलं म्हणा. मी उचललं म्हणते.
टिळकवाडीत, दातांच्या दवाखान्यात,
खिडकीतल्या कुंडीखाली पडलं होतं एक पान,
बोटाच्या पेराएवढं, फुगीर,
अंगावर द्राक्षावर असते तशी पांढरी साय
आणि काठ डाळिंबी.
आत कुणाची तरी दाढ किरकिरत होती.
मी पर्स उघडली, मिटली.

मग विसरले.
वडगावात आमचे माग दोन पाळ्या चालतात,
त्या आवाजात माणूस स्वतःचं नाव विसरतं.
अठरा दिवसांनी सुटे पैसे शोधताना
हाताला लागलं, बसच्या तिकिटाला चिकटलेलं.
जरा सुरकुतलं होतं, पण देठाच्या जागी
गुलाबी तारा फुटलेल्या.
माती नाही, पाणी नाही, उजेड नाही.
बावीस वर्षं मी तुटलेली तार सांधते.
ह्या कुणी सांधल्या नव्हत्या.

शेजारची नीलव्वा वाकून म्हणाली,
"बेर बंतु नोडव्वा."
"मुळंच की गे," मी म्हटलं.

कुंद्याच्या डब्याचं झाकण घेतलं.
त्यात जाड रेती, चाळलेली लाल माती,
बंबातला कोळसा कुटून.
पान पुरायला हात गेला, तर नीलव्वाने धरला:
"निजलेल्याला पुरत्यात काय?"
मग नुसतं वर ठेवलं.
इस्त्रीच्या बाटलीनं दोन फुसकारे, चार दिवसांआड.

महिन्यानं देठाशी मोहरीएवढं काही आलं.
मोहरीला पाकळ्या आल्या.
जुनं पान रोज थोडं रिकामं होत गेलं,
आधी मनुका, मग कागद.
मी त्याला आई वगैरे म्हणणार नाही.
पण गळलं त्या दुपारी
कांड्या भरायला मला उशीर झाला खरा.

दुसऱ्या वर्षी त्याच रोपाची अकरा पानं काढली.
ओढायचं नाही, हळूच डावी-उजवी हलवायचं,
देठाचा बूड साफ सुटला पाहिजे.
अर्धं तुटलं तर गेलं.
सुपात चार दिवस जखमा वाळवल्या.
तेवढ्यात बेळगावचा पाऊस लागला,
लागला म्हणजे गणपतीपर्यंत चड्डीसुद्धा वाळेना.
सात पानं काचेसारखी झाली,
बोट लावलं की पाणी.
उरलेली चार मागाच्या मोटारीजवळ फळीवर ठेवली.
तिथं ऊब असते.
दिवसभर थरथरत होती बिचारी,
पण जगली.

रंगाचं कुणी सांगितलं नव्हतं.
पावसाळाभर नुसती हिरवट, मुळूमुळू.
डिसेंबरात ह्यांचा पाय मोडला,
धावपळीत पंधरा-वीस दिवस पाणीच घातलं नाही.
रात्रीची थंडी, दिवसाचं कोरडं ऊन, वर कडक उपास,
आणि रंग चढला, काठाकडून आत:
आधी अबोली, मग अंजिरी,
शेंड्याला असा लाल
की सुताच्या दुकानातल्या शेडकार्डावर
त्याचा नंबर नाही.
नीलव्वा म्हणाली, "रागावलंय तुझ्यावर."
असेल. असं रागावलेलं बघायला
अख्खी गल्ली येऊन गेली.
मी प्रत्येकीला एकेक पान दिलं
आणि वर एकेक ताकीद.

जानेवारीत दाढेला टोपी बसवायला गेले.
खिडकीत तीच कुंडी,
आत काळा, मऊ पडलेला बुंधा.
"रोज पाणी घालत होते हो, नेमानं,"
रिसेप्शनवरची ग्लेंडा म्हणाली.
तिचे डोळे भरले होते.
मी काही बोलले नाही.

पुढच्या खेपेला कान तुटलेल्या कपात
एक रोप नेलं, खिडकीत ठेवलं.
"किती द्यायचे?"
"तुमचंच आहे."
ती हसली. तिला कळलं नाही,
आणि मला सांगायचा धीर झाला नाही.

मग माझं नाव पुकारलं.
खुर्चीत आ करून पडले,
दोन्ही गालांत कापूस, जीभ बधिर,
आणि उघड्या दारातून दिसलं:
ग्लेंडा प्रेमानं
पाण्याची बाटली घेऊन
खिडकीकडे निघाली होती.