तपासनिसाचा शेरा

पुण्याच्या फंडानं मला दिवसाच्या बोलीवर घेतलंय.
वाळूजला जायचं, गाळा बघायचा,
यंत्र खरं की सोंग, तेवढं लिहून द्यायचं.
बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला
सोंग वासावरून कळतं,
असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं.

त्यांचे दोघं माझ्याआधी येऊन बसलेले,
पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्याच्या दुपारी,
शर्टाची इस्त्री न मोडता.
समोर गोदावरी गिराम, गंगाखेडची.
ओढणी कमरेला खोचलेली,
मनगटावर भाजल्याचा जुना डाग.
ती करायलीय असं बेअरिंग, ज्याला तेल लागत नाही.
शाफ्ट हवेवर तरंगतो. मिनिटाला नव्वद हजार फेरे.
मधली हवा केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी.

एकानं विचारलं, बाजार केवढा?
दुसऱ्यानं विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?
"इथंच," ती म्हणाली. "शेजारचा गाळा परवडला तर तिथंबी."
दोघांनी एकदमच मान खाली घालून काहीतरी टिपलं.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं मागं गेलो.

माठाच्या बाजूला भंगाराचा डबा,
रंगाचा, वीस लिटरचा.
आत मोडलेले शाफ्ट, करपलेली पातळ पानं,
आणि प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी.

१४ ऑगस्ट. एक्केचाळीस हजारावर चिकटला. लेप सोलला.
२ सप्टेंबर. माझी चूक. घाई केली.
९ नोव्हेंबर. मोईनचं म्हणणं बरोबर होतं.
२१ जानेवारी. का मोडला कळलं नाही. टाकू नये.

ती शेवटची मी दोनदा वाचली.
"काय बघायलात सर? कचरा हाय तो,"
मोईन तांबोळी म्हणाला, वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून.
पण झाकण लावायला काही पुढं झाला नाही.

चिकलठाण्यात मी एकदा एका पोराला पास केलं होतं.
काय बोलायचा! ऐकताना
आपलंच यंत्र फिरायलंय असं वाटायचं.
त्याच्या गाळ्यात भंगार नव्हतंच.
मी शेऱ्यात लिहिलं होतं: कमालीची स्वच्छता.
अडीच कोटी गेले. मला मानधन मिळालं, वेळेवर.

परत येऊन मी तिला विचारलं,
नव्वद हजारावर किती टिकतो?
"अकरा मिनिटं."
बाराव्याला?
"माहीत नाही."
आणि तिनं खडू घेतला, खाली बसली,
फरशीवर पान काढलं, त्याचा बाक काढला,
उष्णता कुठून शिरते त्याचे बाण काढले,
"इथं काहीतरी व्हतंय. तुम्हाला काय वाटतं?"
मला जे वाटलं ते चूक होतं. तिनं ते पुसलं,
माझ्या वयाकडे न बघता.
पाऊण तास गेला. लाईट गेली, आली.
दोघांपैकी एकजण फोनवर बोलत बाहेर गेला होता,
हे तिला शेवटपर्यंत दिसलं नाही.

गाडीत, नगर नाक्याच्या सिग्नलला,
पहिला म्हणाला, हुशार आहे, पण फाउंडर वाटत नाही.
दुसरा म्हणाला, डोळ्यांत आग नाही.
मला तिचं मनगट आठवलं.
मी काच खाली केली. गरम वारा आत आला.

रात्री फॉर्म भरायला बसलो.
एक रकाना: संस्थापकाची जिद्द, दहापैकी.
तो कोरा सोडला.
शेऱ्यात लिहिलं: निर्णयाआधी डबा बघून घ्यावा.
यंत्र बारावं मिनिट गाठेल का? माहीत नाही.
खाली तारीख टाकली,
मागं चिकलठाण्याचा आकडाही लिहिला, माझी चूक म्हणून,
आणि कागदाच्या कोपऱ्यात
दाभणानं
दोऱ्यापुरतं भोक पाडलं.