शुऽक्

तेवीस वर्षं काढली मी धुळ्याच्या वाचनालयात,
'शांतता राखा' या पाटीखाली.
पाटीतला 'खा' पुसट झालाय, तरी लोक राखतात.
त्यामुळे थेटरात कुणी बोललं
की माझ्या मानेवर मुंगी चढते.

इलाज सगळे करून झालेत.
खाकरणं. अर्धं वळून बघणं. पूर्ण वळून बघणं.
चष्मा काढून बघणं, ज्याचा अंधारात काही उपयोग नसतो.
एकदा डोअरकीपर रघुवंतला उठून सांगितलं,
त्यानं बॅटरी मारली ती माझ्याच तोंडावर.
म्हणाला, "सर, उभे तर तुम्हीच आहात."
एकदा फोनवर कांद्याचा भाव करणाऱ्याला
मीच मागे वळून दोन रुपये वरचा भाव सांगितला.
तो गप्प झाला.
मध्यंतरात मला शोधत आला,
माल कुठे उतरवू विचारायला.

तर, मे महिना. तीनचा खेळ.
बाहेर आग्रा रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं,
आत चार कूलर, त्यातला एक नुसता आवाजाचा.
मोजून एकोणीस माणसं.
आणि एवढ्या रिकाम्या खुर्च्या टाकून
त्या दोघी बसल्या बरोब्बर माझ्या मागे.

एक विशीतली पोर, एक तिची फुई, लामकानीची.
कोर्टात पुढची तारीख पडली होती,
एसटीला अवकाश होता.
हे मला पाट्या सुरू असतानाच कळलं.
फुईला हिंदी फारसं उमगत नसावं.
पडद्यावर हिरो बोलला की पोर बोलायची.

मी खाकरलो.
अर्धा वळलो.

हिरो बंदरावर उभा राहून अडीच मिनिटं बोलला,
समुद्र, नशीब, परकं शहर, सगळं आलं त्यात.
पोरीनं त्याचं केलं एवढंच:
"त्याले करमत नही, फुई."

मी पूर्ण वळणार होतो, तो तसाच राहिलो.

"आते हाई काहीच सांगत नही त्याले.
मनमा रडी राह्यनी."
"आन् हाऊ कोन शे? भाऊ शे का तिना?"
"नही व, सावकार."
"मंग हासस कसाले?"

खरंच, कशाला हसत होता तो?
पंधरा दिवस पोस्टर बघत होतो येता-जाता,
मला नव्हतं सुचलं.

आई गेल्यापासून ही बोली माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.
म्हणजे बोलायचे. भाजीवाली, रिक्षावाला, वाचनालयातला शिपाई.
मीच उत्तर छापील द्यायचो.

मध्यंतरानंतर मी खुर्चीत जरा मागे सरकून बसलो,
डोळे पडद्याला, कान मागच्या रांगेला.
आगगाडी सुटत होती, ती पुलावर धावत होती,
तो दारातून काहीतरी ओरडत होता,
तेवढ्यात बाल्कनीतून कुणीतरी खेकसलं,
"ओ मावशी, घरी जाऊन बोला!"

पोर गप्प.
फुई गप्प.
शेंगांच्या पुडीचासुद्धा आवाज बंद.

पडद्यावर दोघं ओठ हलवत राहिले.
मला हिंदी येतं, चांगलं येतं,
कपाटं भरली आहेत हिंदी कादंबऱ्यांची,
पण कुणीतरी पानं चिकटवून ठेवावीत
तसं झालं ते सगळं.
गाडी गेली. पूल राहिला. ती राहिली.

मी वळलो. पूर्ण.
आणि तोंडातून निघालं ते गंजलेलं, खालच्या आवाजात,
निदान मला तरी वाटलं खालच्या:
"मंग... काय म्हनस तो?"

अंधारात क्षणभर काहीच नाही.
मग फुईचा हात पुढे आला खुर्चीवरून,
माझ्या तळव्यावर चार शेंगा ठेवल्या.
"परत येसू, म्हनस," पोर कुजबुजली.
"खोटं बोली राह्यना," फुई म्हणाली, "डोया देख ना त्याना."

मी डोळे बघायला म्हणून वळलो समोर,
तर पुढच्या रांगेतला एक जण
माझ्याकडे पूर्ण वळून बघत होता,
चष्मा काढून.