दारांची यादी

शेवटच्या परीक्षेला मी एक ग्रंथालय उभं केलं होतं,
पुठ्ठ्याचं, एकास दोनशे,
औलूच्या नदीमुखाशी, जिथे वसंतात बर्फ फुटतो तिथे.
त्याला दार नव्हतं.
"इथे प्रवेश नसतो, प्रकाश हळूहळू दाट होत जातो,"
असं मी म्हणाले, आणि प्राध्यापक हॅगमान
चष्मा काढून बराच वेळ गप्प बसल्या.
पैकीच्या पैकी.

आता माझ्याकडे सहाशे बारा दारं आहेत.
नवं इस्पितळ, तिसरा टप्पा.
एका दाराला एक ओळ, एका ओळीला एकोणीस रकाने:
रुंदी, उंची, किती मिनिटं आग सोसेल,
डावं की उजवं, कुलूप कुठलं,
बिजागऱ्या तीन की चार.
सुरुवात केली तेव्हा खिडकीत सूर्य होता.
डिसेंबरात तीनच्या आत अंधारतं
आणि मी दोनशे चाळिसाव्या दारात उभी असते,
ना आत ना बाहेर.

शेजारच्या टेबलावरचे रेयो एकतीस वर्षं हेच करतात.
काय काय बांधलंत, विचारलं तर बोटं मोजतात:
दोन शाळा, एक पोहण्याचा तलाव,
"आणि जिने. पुष्कळ जिने.
कोणी पडलं नाही, म्हणून कोणाला ते ठाऊक नाहीत."
मग माझ्या यादीतल्या चुका लाल करत बसतात.

आईला फोनवर सांगते, दारं करतेय.
ती म्हणते, सहा वर्षं शिकून शेवटी दारोदारच.

जानेवारीतल्या बैठकीला एक परिचारिका आली,
तूलिक्की वाराला, रात्रपाळी संपवून, कोट अंगावरच.
नकाशा तिनं उलटा धरला. मी सरळ करून दिला.
तिनं पुन्हा उलटा केला;
ती त्या बाजूनं चालत येते.
बोट ठेवलं: दार तीनशे अठ्ठ्याऐंशी, रुग्णाचं न्हाणीघर.
"हे आत उघडतं."
हो, म्हटलं, बाहेर उघडलं तर कॉरिडॉरची रेघ मोडते.
"माणूस आत पडतो," ती म्हणाली,
"नेमका दाराला टेकून पडतो.
मी बाहेरून ढकलते,
आणि ढकलते ते त्यालाच."

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरलं.

त्या रात्री एकशे चार दारं फिरवली.
पाव वर्तुळाचा तो कंस पुसायचा,
भिंतीच्या अलीकडे काढायचा. पुसायचा, काढायचा.
सकाळी बिजागऱ्यांचा हिशेब जुळेना, रेयो ओरडले,
खर्च वाढला,
रेघ मोडली ती मोडलीच.

ग्रंथालय अजून माझ्या कपाटावर आहे.
परवा धूळ पुसताना वाकून पाहिलं:
प्रकाश खरंच दाट होत जातो, खोटं नव्हतं ते.
पण आत चिकटवलेला नखाएवढा पुठ्ठ्याचा माणूस
आडवा पडला होता,
केव्हापासून, कोण जाणे.
प्रकाशासाठी ठेवलेल्या फटीतून
बोट घालून पाहिलं.
पोचत नाही.