कोण दुखतंय

हामरफेस्टच्या इस्पितळात नोव्हेंबर सरता सरता
सूर्य यायचा थांबतो. सकाळ आम्ही घड्याळात बघतो.
चार नंबरच्या खोलीत आइलिफ, वय एक्याऐंशी.
जन्मभर कॉडची जाळी ओढलेले हात,
आता चमचा पेलत नाही.

मी नर्स. मला आकडा लागतो.
शून्य ते दहा, किती दुखतंय?
"सात."
मॉर्फिन वाढवलं. तासाभरानं, "सात."
पुन्हा वाढवलं, झापड आली,
झापडेतूनच, डोळे न उघडता, "सात."

मग सोलफ्रीद आली, इस्पितळाची पाद्रीणबाई,
बूट दाराबाहेर, पायांत लोकरीचे जाड मोजे.
त्यानं आधीच बजावलं,
"देवाचं काढलंस तर बेल वाजवीन."
"वाजव," ती म्हणाली आणि बसली.
बसली म्हणजे नुसती बसली.
मी सलाइन बदललं, उशी सारखी केली,
उगाच दोनदा पडदा ओढला.
खाली बर्फ लोटणारी गाडी गेली,
बऱ्याच वेळानं परत आली.

तेव्हा तिनं विचारलं,
"कोण दुखतंय, आइलिफ?"

मला वाटलं जीभ घसरली,
'कुठं' म्हणायचं असेल.

त्याच्या घशात काहीतरी हललं,
गळ गिळलेल्या माशासारखं.
"येरमुन," तो म्हणाला.
सतरा वर्षांचा. पहिलीच खेप. एकाहत्तरचा फेब्रुवारी.
"हातमोजा माझ्या मुठीत राहिला. हात गेला.
त्याच्या आईला सांगितलं, लाट मोठी होती.
लाट मोठी नव्हती.
मी दुसऱ्या हातानं जाळं धरलं होतं."

आता ही म्हणणार, तो क्षमाशील आहे,
मी ट्रे घेऊन निघायच्या बेतात.
तिनं विचारलं, "मोजा कसा होता?"

"करडा." मग थांबून,
"अंगठ्याला लाल रफू. करड्या लोकरीचा
शेवटचा गुंडा संपला होता त्यांच्या घरी."
आणि एवढ्याशा लाल दोऱ्यापाशी
त्या माणसाचा बांध फुटला.
तिनं पाठीवर हात ठेवला नाही.
खुर्ची तेवढी वीतभर पुढं घेतली.

रात्री मी पुन्हा विचारलं, शून्य ते दहा.
"सात," तो म्हणाला. "उद्या येईल का ती?
देवाचं नको म्हणावं."
आणि वाढीव डोस न घेता झोपला.

तक्त्यावर मी सात लिहिलं.
शेजारी, जिथं रकानाच नाही तिथं:
करडा, अंगठ्याला लाल.

सकाळच्या डॉक्टरनं विचारलं, हे काय आहे.
खोडलं मात्र नाही.