दांडी

वर्ना टोलेफस्रुडनं पहिल्या दिवशी मला बसूच दिलं नाही.
आधी यंत्राभोवती फिरवलं, उलटं, सुलटं, पुन्हा उलटं,
बाजारात बैल घेणारा फिरतो तसं.
टायर. नळ्या. तेलाचा ओघळ.
"मागे कोण उभं आहे ते आत बसल्यावर दिसत नाही, लिबान.
म्हणून आत्ताच बघून घे."

मार्च संपत आलेला. मिनेसोटाची जमीन
वरून चिखल, वीतभर खाली अजून दगड.
दवाखान्याच्या पायासाठी खणलेला चर
कडांनी सुटत होता, कुणी न शिवताच.
तिनं चुन्याची रेघ मारली, काठापासून चांगली लांब:
"याच्या पुढे तुझं काही काम नाही."

बुटांचा चिखल पायरीवर खरवड.
सुपारीएवढा खडा पेडलखाली अडकला
तर बाहू कुणाचं ऐकेल, सांगता येत नाही.
चढताना तीन ठिकाणी धरलेलं हवं,
आणि लिव्हर धरायला नसतात, चालवायला असतात.
पट्टा. दांडी. मग किल्ली.

बकेट खाली, जमिनीलगत,
वास काढत निघालेल्या कुत्र्याच्या नाकासारखी.
उतारावर जड बाजू नेहमी चढाकडे.
भरलेली असेल तर बकेट वर,
रिकामी असेल तर पाठ वर, कारण इंजिन मागे आहे.
मी मान डोलावली.
आमच्या घरात आई टर्कीच्या कारखान्यात रात्रपाळी करते,
जड बाजू कुठली, हे मला वेगळं शिकवावं लागत नाही.

मंगळवारी भाड्याचा दुसरा लोडर आला.
मी बसलो, पट्टा लावला,
आणि घाईत दांडी ओढायची राहिली.
किल्ली फिरवली. पाय नुसता टेकला.
बाहू उचलले गेले.

उचलले जायला नको होते.

वर्ना ओरडली नाही.
गळ्यावरून आडवा हात फिरवला: बंद.
मग तळहात खाली दाबत दाखवलं: आधी खाली आण.
सीटखाली तिला सापडली बोटभर लाल वायर,
काळ्या टेपनं नीट, प्रेमानं म्हणावं इतकी नीट गुंडाळलेली.
कुणाला तरी रोज दांडी ओढायचा वैताग आला होता.

फोरमन कर्ट धावत आला.
"तीन ट्रक उभे आहेत, वर्ना. वायरचं उद्या बघू."
तिनं किल्ली जॅकेटच्या आतल्या खिशात टाकली,
चेन वर ओढली,
टेकवलेल्या बकेटच्या कडेवर बसली
आणि डबा उघडला.
अर्धं सँडविच माझ्यापुढे धरलं,
मग रोजा आठवून परत घेतलं. "सॉरी."
बराच वेळ नुसती चावत राहिली.

"ड्वेन माझा धाकटा दीर.
बिटाच्या कोठारावर नऊ वर्षं होता,
कामाला एकदाही दांडी मारली नाही त्यानं.
दांडी लावायचा मात्र कंटाळा.
बाहू वर ठेवून बाहेर वाकला,
काचेवर काहीतरी चिकटलं होतं म्हणे."
काय चिकटलं होतं, ते तिनं सांगितलं नाही.
पावाची कड मोडून कावळ्याला टाकली.

मेकॅनिक आला दोन तासांनी.
ट्रकवाले शिव्या देत होते, कर्ट घड्याळाला.
वायर कापल्यावर वर्नानं मला पुन्हा बसवलं:
"आता दांडी वर ठेवून प्रयत्न कर."
किल्ली फिरवली, पेडल दाबलं,
सगळं दाबून पाहिलं.
यंत्र ढिम्म.
ती पहिल्यांदाच हसली, दातात पावाचा तुकडा.

सूर्य बुडाला तेव्हा घरी खजूर मांडलेले.
मी खुर्चीत टेकलो,
आणि दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले,
हवेत काहीतरी धरायला, खाली ओढायला.
आई कामाचे बूट चढवत होती.
"काय शोधतोस?" तिनं विचारलं.
मी हात खाली घेतले.
"तुमच्या त्या मोठ्या यंत्राला," मी म्हणालो,
"बंद करायचं बटण कुठे असतं गं?
तुझा हात पोचतो तिथे?"